मोजलेला घास

तुमच्या आजोबांच्या मावसभावाइतका काळजी करणारा माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नाही. इतरांना काही घडल्यावर काळजी लागते. हे माझे भावोजी आधी काळजी करून ठेवतात आणि मग कारणाची वाट बघत बसतात. त्यांची सगळी नोकरी कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात गेली. निवृत्त झाल्यावर मोहोळजवळच्या शेतात त्यांनी राजहंस पाळले, आणि नट-बोल्टांची काळजी त्या लांब मानेच्या, भांडकुदळ पक्ष्यांच्या जेवणाकडे वळली.

हंसांचं खाद्य ते स्वतः कालवतात. मंगळवेढ्याची ज्वारी, मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, शिंपल्यांचा चुरा, खनिजांची पूड आणि पिल्लांच्या पायांत बळ यावं म्हणून यीस्ट. प्रत्येक जिन्नस काट्यावर चढतो, उतरतो, शंका आली की पुन्हा चढतो. पेंड उन्हात पसरून ते आधी हुंगतात, मग जिभेवर ठेवतात, आणि मग सकाळी सहाला मला सोलापूरला फोन करतात. "वहिनी, पेंडीला बुरशीचा वास येतोय की काय, कळंना झालंय." फोनवरून मी काय हुंगणार? पण "चांगली असेल हो" असं मी म्हटल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. जाऊबाई म्हणतात, "ताई, माझ्या गोळ्या संपल्या की यांना तीन दिवसांनी कळतं. हंसांचं यीस्ट संपणार हे आठ दिवस आधी कळतं!"

मागच्या हिवाळ्यात मी तिथे राहायला गेले, तेव्हा सहा पिल्लं नुकतीच तुरुतुरु चालू लागली होती. आठवडाभरात ती मध्येच बसायला लागली. उठताना पाय थरथरायचे, फाकायचे. भावोजींनी यीस्ट वाढवलं, काटा तपासला, दळणाची चक्की उघडून पुसली. जेवण तर त्यांचं अर्ध्यावर आलं. मोहोळचे जनावरांचे डॉक्टर येऊन म्हणाले, "खाद्य चोख आहे. पण पिल्लं ते पोटभर खात नाहीत. दुसरं काही पोटात जातंय का?"

"कसं जाईल? घरात आम्हीच तर आहोत," भावोजी म्हणाले.

बाळांनो, ते दुसरं काही माझ्याच हातचं होतं. रोज दुपारी भावोजी आडवे झाले की मी पिल्लांना कडक भाकरी पाण्यात भिजवून घालत होते. तो मोजलेला चुरा बघून मला आजाऱ्याचं पथ्य आठवायचं, आणि आपल्याकडे दारातल्या जिवाला कुणी मोजून वाढतं का? संध्याकाळपर्यंत मी कसंबसं मनात ठेवलं. ताटावर बसल्यावर मात्र राहवेना.

"भावोजी, मी भाकरी घालत होते."

ते माझ्याकडे बघेपर्यंत जाऊबाई पुटपुटल्या, "मी सकाळचा शिळा भात. थोडाच."

ओसरीवर भांडी घासणारी शेतावरची बाई तिथूनच म्हणाली, "मी बी सांजंला मूठभर ज्वारी टाकत हुते, काका. लेकरं नुसता चुरा खात्यात, जीव कळवळायचा की!"

तिघींनाही वाटत होतं, आपण एकटीच. आता हा माणूस ताट भिरकावणार असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे मिश्रण बरोबर होतं?" लगेच काळजी परतली. "उद्या तुमचे हात थांबतील?" उत्तराची वाट न बघता त्यांनी काटा आणला आणि तिघींना रोज घालायचो तेवढी मूठ भरून त्यावर रिकामी करायला लावली. माझी सगळ्यांत जड निघाली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या तीन मुठींचं माप लावून त्यांनी आपलंच मिश्रण तीन वाट्यांत दिलं. "घाला तुमच्या हातानं. पण हेच घाला."

यीस्ट पाण्यातूनही सुरू झालं. चार-पाच दिवसांत पाच पिल्लं उभी राहिली. सहावं, सगळ्यांत शेवटी अंड्यातून निघालेलं, उठेना. भावोजी बादलीत कोमट पाणी घेऊन बसत आणि त्याला तळहातावर तोलून धरत, म्हणजे अंगाचा भार न पडता पाय हलावेत. ते हलवायचंही, एक-दोनदा. आठव्या दिवशी हलवलं नाही.

आम्ही दोघांनी त्याला बांधावर पुरलं. हात धुताना मी विचारलं, "भावोजी, माझ्या भाकरीनं?"

"छे हो वहिनी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ते जन्मतःच अशक्त होतं की."

मी मान डोलावली. पिल्लं निघाली त्या दिवशी याच माणसाने मला फोनवर सहाही वजनं दोनदा वाचून दाखवली होती, आणि शेवटचं पिल्लू सगळ्यांत वजनदार होतं.