अण्णांची फाशीची कादंबरी

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. घरात कापडी पिशव्या साठतात तसे ते साठतात. एका पिशवीत दुसरी, दुसरीत तिसरी. एक काढायला जावं तर पाच हातात येतात! मग समोरच्या माणसाला घाई असो नसो, पाचही दाखवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

एकोणीसशे पन्नासचं दशक संपता संपता मी पुण्याहून बेंगळुरात एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आलो. कारखान्यात हिंदी-इंग्रजी, बाजारात कानडी, आणि मराठी फक्त घरी बायकोशी, म्हणजे मालतीशी, तीही बहुधा भांडणापुरती. अशात बसवनगुडीतल्या मोहिते अण्णांकडे दर रविवारी सकाळी मराठी वाचन चालतं असं कळलं, आणि आम्ही दोघं तिथे जे चिकटलो ते चिकटलोच.

अण्णांचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं. अण्णा तुरुंगाच्या कचेरीत कारकून होते, नुकतेच रिटायर झालेले. त्यांच्या पत्नी तुळसाअक्का. तिसरे-चौथे आम्ही, आणि पाचवे जोगळेकर. हे एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, पक्के नास्तिक आणि शुद्धलेखनाचे कोतवाल. या तिघांनी मला काय दिलं ते मी या वयात मोजू शकत नाही. निदान सांगू तरी शकतो.

* * *

मराठी पुस्तकं मिळायची मारामार. दिवाळी अंक वर्षाला एक, तोही कोणी पुण्याहून ट्रंकेतून आणला तर. मग तुळसाअक्का कात्री घेऊन त्याची शिवण उसवायच्या आणि अंकाचे पाच भाग करायच्या. एकेक भाग एकेकाकडे, दर रविवारी अदलाबदल. पद्धत उत्तम होती, पण कोणाच्या वाट्याला गोष्टीची सुरुवात आधी येईल आणि कोणाच्या वाट्याला शेवट, याचा नेम नव्हता.

एका वर्षी रहस्यकथेचा शेवट नेमका जोगळेकरांकडे गेला. पुढच्या रविवारी मी सुरुवातीचा भाग उघडून बसलो, तर हे खिडकीतून बाहेर बघत म्हणतात, "मी काही बोलत नाही. फक्त त्या डॉक्टरवर लक्ष ठेवा!"

त्या रविवारी जोगळेकरांना कॉफी मिळाली नाही.

* * *

एकदा अंक संपला आणि वाचायला काहीच उरलं नाही. अण्णा म्हणाले, "मी एक कादंबरी लिहितोय. स्वल्प मोठी आहे."

आम्ही उडालोच! आत जाऊन त्यांनी गठ्ठा आणला. तुरुंगातल्या रद्दी फॉर्मांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेला. जोगळेकरांनी पहिला कागद उलटसुलट करून पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "अण्णा, कुठल्या बाजूनं वाचायचं? इकडे कैद्याचं वजन आहे."

कादंबरी फाशीची शिक्षा झालेल्या सिद्धा नावाच्या शेतकऱ्याची होती. विहिरीच्या पाण्यावरून भांडण होतं, सिद्धाच्या हातून शेजारी मरतो, आणि शिक्षेची वाट बघत तो कोठडीत दिवस काढतो. विषय असा, की ऐकतानाच अंगावर काटा यावा. पण अण्णांची तीस वर्षं कचेरीत गेलेली! त्यामुळे पहिलंच वाक्य, "सदरहू इसम सकाळी उठला." तरुणपणचा प्रेमाचा प्रसंग आला तेव्हा अण्णांनी आवाज मऊ केला आणि वाचलं, "सदरहू इसमाने उपरोक्त स्त्रीस विहिरीवर पाहिले व त्याची खात्री पटली."

मालती पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाली. अण्णा मात्र शांत. म्हणाले, "हसा हसा. खात्री पटायलाच वेळ लागतो."

* * *

जोगळेकर लाल पेन्सिल घेऊन यायचे. 'थोडं'च्या जागी आलेल्या 'स्वल्प'वर काट, 'बरं'च्या जागी आलेल्या 'सरी'वर काट. "अण्णा, हे कानडी झालं. शुद्ध मराठीत असं नसतं." अण्णा निमूट मान डोलवायचे. तीन रविवार हे चाललं. चौथ्या रविवारी तुळसाअक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय हो जोगळेकर, आमच्या घरी तीनशे वर्षं असंच बोलतात. तेव्हा तुमचे पणजोबा कुठं होते?"

"कोकणात," जोगळेकर पुटपुटले.

"मग? तिथं कोणी पेन्सिल घेऊन मागं लागलं होतं का?"

पेन्सिल खिशात गेली. पुढच्या पावसाळ्यात याच जोगळेकरांना मी भाजीवाल्याशी "स्वल्प कमी करा" म्हणून हुज्जत घालताना पाहिलं. टोकलं असतं तर ते म्हणाले असते, ते बाजारापुरतं!

* * *

हळूहळू कादंबरी आमच्या मानगुटीवर बसली. सिद्धा रोज पहाटे कोठडीत बसून नाम घ्यायचा. जोगळेकरांना ते सहन होईना.

"अण्णा, तुमच्या देवानं वाचवलं का त्याला?"

"तो वाचव म्हणून मागतच नव्हता," अण्णा म्हणाले.

"मग काय मागत होता?"

"ज्या बाईचा नवरा त्यानं मारला, तिनं एकदा माफ केलं म्हणावं. बस्स. दर आठवड्याला तिला पत्र सांगायचा. लिहायला येत नव्हतं, म्हणून कारकून लिहून घ्यायचा."

जोगळेकरांनी पुढचं पान अण्णांच्या हातात दिलं. वाद अर्धवट सोडताना त्यांना मी फार कमी वेळा पाहिलंय, म्हणून ही नोंद.

* * *

शेवटच्या प्रकरणावरून आमच्यात उभी फूट पडली. जोगळेकर म्हणत, फाशी झालीच पाहिजे, नाहीतर ती कादंबरी नव्हे, कीर्तन! मालती म्हणे, ती बाई तुरुंगाच्या दारात येऊ दे. तुळसाअक्कांनी तर थेट राष्ट्रपतींकडून माफी आणली. आणि अण्णा? अण्णा शेवटचं प्रकरण आणीचनात! एकदा चष्म्याची काडी मोडली. एकदा शाई संपली. एकदा तर कागदांवर पाल पडली म्हणून सगळं पुन्हा लिहावं लागतंय म्हणाले.

"कुठली पाल?" तुळसाअक्का आतून म्हणाल्या. "चार महिने झाले लिहून. ट्रंकेत आहे."

अण्णा उठले आणि ट्रंक उघडून कागद घेऊन आले. त्या प्रकरणात बाईचं उत्तर येतं. 'भाऊ, मी तुला माफ केलं आहे. मनात काही ठेवू नकोस. देव तुला पदरात घेवो.' कारकून ते वाचून दाखवतो. सिद्धा कागद डोळ्यांना लावतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाचाही आधार न घेता आपल्या पायांनी चालत जातो. त्या अख्ख्या प्रकरणात एकही 'सदरहू' नव्हता.

जोगळेकरांनी पेन्सिल काढली होती, ती तशीच टेबलावर ठेवली. म्हणाले, "अण्णा, सगळ्या कादंबरीत हे पत्र सर्वात खरं आहे."

अण्णांचा चेहरा कसनुसा झाला. "तेवढंच खोटं आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तो कैदी खरा होता आणि पत्रं लिहून घेणारा कारकून म्हणजे अण्णाच. पहिलं पत्र टपालात पडलं आणि 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आलं. पुढची सतरा पत्रं अण्णांनी पाठवलीच नाहीत, ड्रॉवरमध्ये ठेवली. कैदी रोज विचारायचा, "उत्तर आलं का, स्वामी?" दिवस संपत आले, तेव्हा अण्णांनी स्वतःच एका कागदावर उत्तर लिहिलं आणि तिचं म्हणून वाचून दाखवलं.

"पंधरा वर्षं झाली," अण्णा म्हणाले. "माणूस शांतपणे गेला. पण माफी माझी नव्हती, तिची होती. तिला न विचारता मी देऊन टाकली. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नाही."

तुळसाअक्का त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. आणि पहिल्यांदा बोलले ते जोगळेकर, ज्यांचा देवावर काडीचा विश्वास नव्हता.

"अण्णा, कादंबरी पुरी झाली. पत्रव्यवहार अपुरा आहे. कधी जायचं?"

मी आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं पाहिली. त्या एका 'कधी जायचं'साठी मी जोगळेकरांचा जन्मभर ऋणी आहे, आणि त्यांना एकदाही तसं सांगितलं नाही याची खंत वाटते.

* * *

त्या बाईचं गाव बेंगळुराच्या उत्तरेला, येलहंक्याच्या पलीकडे होतं. अण्णा, जोगळेकर आणि मी सकाळच्या बसनं गेलो. अण्णांच्या मांडीवर अठरा पत्रांचं पुडकं. सबंध वाटेत ते फक्त दोन वाक्यं बोलले, आणि दोन्ही वेळा "ती हाकलून देईल," एवढंच.

बाईंचं नाव गंगम्मा. ओट्यावर बसून अवरे सोलत होत्या. आमच्याकडच्या पावट्यासारख्या या शेंगा, थंडीत बेंगळुरात घरोघरी असतात. अण्णांनी उभ्या उभ्याच आपण कोण, कशाला आलो, सगळं कानडीत सांगितलं. खोट्या उत्तराचंही सांगून टाकलं, आणि तेव्हापासून झोप नाही हेही. लपवलं काही नाही. बाईंचे हात क्षणभर थांबले.

"बसा," त्या म्हणाल्या. "मला वाचता येत नाही. तू वाच."

अण्णांनी अठराच्या अठरा पत्रं वाचली. बहुतेक पत्रांत तेच तेच होतं. विहीर, तो दिवस, माझा हात, माफ कर अम्मा. एका पत्रात त्यानं तिच्या गाईची चौकशी केली होती. तेव्हा बाई म्हणाल्या, "ती गेली," आणि पुन्हा सोलू लागल्या. शेंगा संपल्या तरी त्या रिकामी टरफलं उघडून बघत राहिल्या.

"आता तू माझ्या नावानं काय लिहिलंस ते सांग."

अण्णांना ते पत्र तोंडपाठ होतं. डोळे मिटून त्यांनी म्हटलं. भाऊ, मी तुला माफ केलं आहे. मनात काही ठेवू नकोस. देव तुला पदरात घेवो.

बाईंनी डोकं हलवलं. "भाऊ? माझा नवरा मारला त्यानं, आणि मी त्याला भाऊ म्हणेन? इतकं गोड मी माझ्या आईशीसुद्धा बोलले नाही! हे पत्र माझं नव्हे."

"नव्हे, अम्मा," अण्णा म्हणाले. "म्हणूनच आलो."

"कागद आहे?"

जोगळेकरांनी घाईघाईनं वहीतला एक कागद फाडून दिला. अण्णांनी पेन उघडलं. मी कागदाखाली वही धरली.

"लिही," गंगम्मा म्हणाल्या. "माझा राग गेला नाही. जाईल असं वाटत नाही. पण तुझी सगळी पत्रं आज ऐकली. फार वर्षं जागलास. आता नीज."

अण्णांनी लिहिलं. बाईंनी पेनची शाई अंगठ्याला लावून घेतली आणि खाली अंगठा उमटवला. अण्णा कागदाकडे बघत राहिले. मग तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी विचारलं, "पत्ता कोणाचा घालू, अम्मा? तो तर आता..."

"तो गेला, मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या आणि टरफलं गोळा करून उठल्या. "तुझाच घाल."