जुन्या लॅपटॉपमधली अनोळखी मुलगी

मंडळी, दुपारपासून डोकं सणकलंय. लेक बीएस्सीला लागली, म्हणून तिच्यासाठी जुना लॅपटॉप पाहायला आज आम्ही वाशिमला गेलो.

दुकानदाराने एक लॅपटॉप चालू केला. त्यात कुण्या अनोळखी मुलीचे घरातले फोटो तसेच होते. ते पुसायचं सोडून तो एकेक उघडून मित्राला दाखवत हसत होता. मला म्हणतो, "राहू द्या काका, हे फुकटात."

किळस आली. मी बोलायच्या आधीच लेक म्हणाली, "इकडे द्या तो." तिनं तिथंच उभं राहून सगळे फोटो पुसले. लॅपटॉप न घेताच आम्ही घरी परतायला रिसोडच्या बसमध्ये बसलो.

वाटेत ती एवढंच बोलली, "बाबा, तिले मालूमबी नसंल."

तुम्ही विकलेला लॅपटॉप आता कोण उघडून पाहत असेल?