परतूरची म्हैस

फोनवर आमचा कोड्यांचा एक ग्रुप आहे. रोज सकाळी कुणीतरी कोडं टाकायचं आणि बाकीच्यांनी दिवसभर त्यावर भांडायचं, एवढंच त्याचं काम. निम्म्या लोकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. मी जालन्यात नोकरी करते. दुपारी डबा उघडताना फोनही उघडायची सवय लागली ती परतूरच्या काकांमुळे.

काकांनी सारी उमर जिनिंगमध्ये कापसाचं वजन करण्यात घालवलेली, आता घरीच असत. कोडं कोणतंही असो, त्यांचं उत्तर ठरलेलं: म्हैस. 'एका पायावर उभी, पावसाला भीत नाही' म्हणजे छत्री, हे लहान पोरानंही सांगितलं असतं. काकांनी लिहिलं, "म्हैस."

"एका पायावर, काका?" मी विचारलं.

"तीन पाय वर करून उभी राह्यली. तू कधी बघितली न्हाई का माय?"

एकदा मी मुद्दाम म्हशीचंच कोडं घातलं. सगळे दबा धरून बसलो. काकांनी संध्याकाळपर्यंत ताणलं आणि लिहिलं, "लई अवघड हाये बुवा. मला बिलकुल जमलं न्हाई."

खरं तर त्यांच्या घरी म्हैस कधीच नव्हती. "शेण कोण काढंल?" म्हणायचे.

मग एका सकाळी काकांचं उत्तर आलं, "सावली." बरोबर उत्तर. ग्रुपवर नुसती धमाल उडाली. "काकांना अक्कलदाढ आली." "म्हैस बाजारात विकली वाटतं." काकांनी त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दुसऱ्या दिवशी "सुप्रभात" आणि पुन्हा बरोबर उत्तर. तिसऱ्या कोड्याला लिहिलं, "मला येत नाही. मग कोणी सांगेल का?"

मला तो 'नाही' खुपला. काका बोलत तसंच लिहीत. न्हाई, मंग, जेवून राह्यलो. मी आमच्या ह्यांना दाखवलं. हे म्हणाले, "आजकाल फोनच सुधारून देतो अक्षरं. तुला काहीही दिसतं."

मी काकांना एकट्यांना विचारलं, "काका, तब्येत बरी ना?"

"मी बरा आहे ताई. धन्यवाद."

मला ते कधी ताई म्हणाले नव्हते. मी फोन लावला. तो कापला गेला आणि लगेच निरोप आला, "आवाज बसला आहे, बोलता येत नाही." काय सुचलं कुणास ठाऊक, मी लिहिलं, "बरं. म्हैस कशी आहे?"

पलीकडून कुणीतरी लिहायला लागलं, थांबलं, पुन्हा लिहायला लागलं.

"म्हैस चांगली आहे. दूध भरपूर देते."

काकांनी असं कधीच लिहिलं नसतं. त्यांनी मला वेड्यात काढलं असतं. त्यांच्या फोनवरून माझ्याशी दुसरंच कुणीतरी बोलत होतं, आणि काका कुठं होते ते मला ठाऊक नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं रेल्वेनं परतूरला गेलो. धान्याच्या मोंढ्यामागं, पिठाच्या गिरणीजवळ घर आहे, हे काकांनी कधीतरी सांगितलेलं. गिरणीवाला पीठ झटकत म्हणाला, "म्हातारा? लई दिवस झाले, दिसला न्हाई. सून म्हणती गावाला गेल्ता, तिकडंच राह्यला."

"कोणत्या गावाला?"

"ते काय सांगितलं न्हाई बुवा."

दार अर्धंच उघडलं. कडेवर तान्हं मूल घेतलेली तरुण सून. चेहरा ओढलेला. ह्यांनी काकांची चौकशी केली.

"बाबा गावाला गेलेत," ती म्हणाली.

मी तिथंच उभी राहून काकांना फोन लावला. तिच्या हातातला फोन वाजायला लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली, पण तिनं तो बंद केला नाही. मूल रडायला लागलं. मी दारातूनच जोरात ओरडले, "काका, आजचं कोडं ऐका! पाय नाहीत तरी गावभर हिंडते, दार लावलं तरी आत शिरते. कोण?"

आत, पार मागच्या बाजूला, काहीतरी पत्र्यावर आपटलं. मग खोल विहिरीतून यावा तसा आवाज आला, "म्हैस."

सून दारातून बाजूला झाली.

मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आत अंधार, कुबट वास, एक बादली, ताटात वाळून गेलेली भाकरी. काका भिंतीला टेकून बसले होते. मी नाव सांगितलं, तरी मी कोण ते त्यांना कळलं नाही. माझा हात धरून म्हणाले, "अक्का, जल्दी चल. गाडी निघून राह्यली." मी त्यांना प्रथमच पाहत होते. इतका हलका हात मी कधी धरला नव्हता.

सून रडत सांगत होती. नवरा पुण्याकडे कंपनीत. बाबांना भ्रम व्हायला लागला, दोनदा रुळांवर जाऊन उभे राहिले. ती एकटी, लेकरू अंगावर पिणारं. "हे म्हणाले, कडी लाव, आणि कुणाला कळू देऊ नको. लोक नावं ठेवतील."

"आणि ग्रुपवर तू लिहीत होतीस?"

"बाबा गप्प झाले असते तर तुम्ही लोकांनी विचारलं असतं ना." थोडं थांबून ती म्हणाली, "म्हशीचं मला वाटलं, तुमची नेहमीची गंमत चालू आहे."

आम्ही त्याच दिवशी काकांना जालन्याला आणून दवाखान्यात भरती केलं. डॉक्टर म्हणाले, पाणी पोटात नाही, अंगातलं मीठ पार खाली गेलंय, भ्रम त्यानंच वाढला. आणखी थोडे दिवस कडी राहिली असती तर माणूस हाती लागला नसता. मुलगा आला तो मान खाली घालून. कुणी त्याला बोललं नाही, मीही नाही. बोलायला हवं होतं की काय, अजून कळत नाही.

काका बरे होऊन परतूरला गेले, पण अर्धेच. आता गिरणीवाला सकाळ-संध्याकाळ डोकावतो, मागच्या खोलीची कडी मुलानं स्वतः उपटून काढली. काका कधी कोड्याला उत्तर देतात, कधी कोडं काय हेच विसरतात. सुनेनं आता स्वतःचा नंबर ग्रुपमध्ये घ्यायला सांगितलं. "दिवसभर तेवढंच कुणीतरी बोलायचं माझ्याशी," म्हणाली. मी तिला घेतलं.

मी ग्रुपवर सगळं सांगितलं. मग एकेकानं आपल्या शेजाऱ्याचा नंबर टाकायला सुरुवात केली; आपण गप्प झालो, किंवा भलतंच बोलायला लागलो, तर कुणाला विचारायचं म्हणून. भोकरदनकडच्या एका बाईंनी मात्र टाकला नाही. त्या रोज न चुकता फुलांचं चित्र पाठवतात, बाकी काही लिहीत नाहीत. मी त्यांना एकट्यांना विचारलं, "तुमच्या शेजारी कोण राहतं?"

उत्तरादाखल फुलंच आली.