हमिदाबीची हाजिरी

हमिदाबीला गावात समदी बंदूकवाली म्हणायची, पण बंदूक तिची न्हवती. तिच्या नवऱ्याची, हनीफभाईची व्हती. ठासणीची. ओढ्याकडनं रानडुकरं भुईमुगात शिरायची, तवा हनीफभाई मचाणावर बसायचा आन ही दारू ठासून द्यायची. पुढं त्याची नजर कमी झाली, तसा बार बी हीच काढाय लागली. गावाला वाटायचं हनीफ उडवतोय. मला ठावं व्हतं. माझं रान तिच्या बांधाला लागून, माझ्यापासून काय लपणार?

आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या साली हनीफभाई काविळीनं गेला. चाळिसावा दिवस झाला आन धाकटा दीर चाँदपाशा वट्यावर येऊन बसला. म्हणाला, "भाभी, बंदूक माझ्या नावावर करू. बाईमाणसाला सरकार परवाना देत न्हाय. राखण मी करतो, माल निम्मा निम्मा."

निम्मा निम्मा म्हणं. भाऊ जित्ता असताना हा गडी एक रात बी मचाणावर चढला न्हवता. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

हमिदाबी तशीच उठली. माझ्याकडं आली. म्हणाली, "सत्यभामा, आज राखणीचा निम्मा घेईल, उद्या रानाचा मागंल. परवा मलाच इचारंल, तू कोण? परवाना मी माझ्या नावावर घेते."

"येडी का खुळी तू?" म्या म्हणलं. पण खरं सांगते, माझा बी जीव त्यात अडकलेला. चाँदपाशा मचाणावर झोपला, तर डुकरं तिचं रान उरकून माझ्याकडंच येणार. म्हणून अर्ज लिव्हून घ्यायला तिच्यासंगं म्या गेले.

अर्जाचं उत्तर आलं. मास्तरनं वाचून दाखवलं. तालुक्याच्या कचेरीत प्रांतसाहेब येणार, त्या दिवशी हत्यारासह समक्ष हाजिर व्हावं. हाजिर न्हाय झालं तर अर्ज खारीज आन बंदूक सरकारजमा. तवर घरात ठेवायला पोलीस पाटलानं चिठ्ठी दिली.

त्या दिवशी आमी मोटारीनं निघालो. रिकामी बंदूक वाकळंत गुंडाळलेली. चाँदपाशा न बोलावता मागनं चढला. म्हणाला, "मर्द माणूस संगं असलेला बरा."

कचेरीच्या दारावर आधी उर्दू पाट्या असायच्या, आता मराठी लागलेल्या. आमाला दोघींना ती बी येत न्हवती आन ही बी येत न्हाय. दारात बंडप्पा शिपाई हुबा. त्यानंच दारावरची एक पाटी तोंडपाठ सांगितली, "हत्यार घेऊन आत जाण्यास मनाई."

"कुणालाच?"

"पहाऱ्याचा पोलीस सोडून कुणालाच."

बंडप्पा वाईट माणूस न्हवं. मागल्या साली बांधाच्या भांडणात दोघं भाऊबंद बंदूक घेऊन थेट आत शिरले व्हते. बार झाला न्हाय, पण नळीच्या पुढं बंडप्पाच उभा व्हता. त्याच्यानंच ती मनाईची पाटी लागली. तवापासनं काठी दिसली तरी तो दारात दोन्ही हात पसरायचा.

म्या म्हणलं, "मग कागदात बंदूक घेऊन या असं कशापायी लिव्हलं? आमी काय वरातीत बार काढाय आलोय व्हय?"

"ते मला काय ठावं, बाई. बंदूक संगंच्या गड्याजवळ ठिवा आन तुम्ही आत जावा."

चाँदपाशानं हात पुढं केलाच व्हता. "आणा भाभी."

मला डाव दिसला. ही मोकळ्या हातानं आत आन बंदूक त्याच्या हातात. साहेब बघून म्हणणार, हत्यार याच्याकडंच हाय, मग परवाना बी यालाच. म्या म्हणलं, माझ्याजवळ दे. तर म्हणाली, "तुझ्या हातातनं हिसकून घ्यायला त्याला कितीसा येळ? आन पोलिसानं बघितलं तर तुझ्यावर केस." आन वरच्या पायरीवर बंदूक मांडीवर घेऊन बसली.

आतनं पुकारा झाला. "शेख हमिदाबी, हाजिर?"

"हाजिर," ही पायरीवरनं.

पुन्हा पुकारा. पुन्हा ही, "हाजिर." कारकून बाहेर आला, कपाळाला आठ्या. "हाजिर म्हणजे साहेबापुढं. आता तिसरा पुकारा. आत आला न्हायत तर अर्ज खारीज."

चाँदपाशा दात खाऊन बोलला, "भाभी, हट सोडा."

"हट सोडला तर रान सोडावं लागंल," ती म्हणाली.

तिसरा पुकारा झाला. तशी हमिदाबी उठली, पदर डोक्यावर नीट केला आन जी वरडली, आवारातली माणसं वळून बघाय लागली. "हाजिर हाय साहेब. मी आत आले तर बंदूक गैरहाजिर ऱ्हाते, आन बंदूक आणली तर बंडप्पा आडवा येतो. आमी दोघी कशा हाजिर व्हायचं, ते तुमीच सांगा."

आत माणसं हसली. मग साहेब सोता बाहेर आला. चष्मेवाला, पुण्याकडचा. बंडप्पानं साहेबापुढं बी हात काय खाली घेतले न्हाय. "साहेब, माझी नोकरी गेली तरी चालंल, बंदूक आत न्हाय."

साहेबानं पाटी वाचली. मग आमचा कागद वाचला. कान खाजवत म्हणाला, "दोन्ही आमच्याच कचेरीचं लिखाण. बंडप्पा, तुझं बरोबर आहे. हत्यार आत येणार नाही. टेबल बाहेर आण."

टेबल वऱ्हांड्यात आलं. साहेबानं बंदूक बघितली, तिच्यावरचा नंबर उतरून घेतला. मग इचारलं, "घरात कुणी पुरुष माणूस?"

"मी हाय की साहेब, सख्खा दीर." चाँदपाशा पुढं सरकला.

"ही बंदूक भरतात कशी?"

"त्यात काय? आधी छर्रे घालायचे, वरनं दारू."

दारू आधी, छर्रे मागनं, हे कारकुनाला बी ठावं; त्यानं हसू दाबाय तोंडाला रुमाल लावला. साहेब हसला न्हाय. हमिदाबीकडं वळला. "बाई, भरता तुम्हाला येत असेल. पण रात्री एकटीनं मचाणावर बसायचं, समोर डुकरांचा कळप. भीती नाही वाटत?"

म्या तिला कोपरानं ढोसलं. न्हाय म्हण, न्हाय म्हण बाई, न्हायतर हाता-तोंडाशी आलेलं जाईल.

"वाटते साहेब," ती म्हणाली. "लई वाटते. म्हणून तर डोळ्याला डोळा लागत न्हाय. ज्याला भीती न्हाय त्यो मचाणावर झोपतो, आन डुकरं रान खाऊन जातात."

 साहेबानं टाक उचलला आन तिच्या नावाच्या परवान्यावर सही केली. चाँदपाशा आमच्या मोटारीला थांबला न्हाय.

त्या साली तिचा भुईमूग अख्खा तिच्याच अंगणात वाळला. सांगायला लाज कसली, तो ढीग बघून म्या रडले.