अमावस्येला घासलेले दिवे

संशय घेणं हा माझा स्वभावच आहे. दूध पातळ लागलं की मी आधी म्हशीकडे बघते आणि मग दूधवाल्याकडे. त्यामुळे आमच्या गाडीचे पुढचे दिवे मंद झाले, तेव्हा मी एकालाही सोडलं नाही.

मी बेळगावात शाळेत शिकवते. जादा तास आटोपले की माझे वडील, आप्पा, मला न्यायला येतात आणि आम्ही बेळगुंदीला घरी जातो. ही ने-आण म्हणजे निवृत्त झालेल्या आप्पांची नोकरीच. इस्त्रीचा शर्ट घालून ते फाटकाशी वेळेआधी हजर असतात. एका संध्याकाळी रस्त्याकडेला उसाची ट्रॉली उभी होती. आप्पांनी इतक्या उशिरा ब्रेक दाबला की उसाचे शेंडे बॉनेटला घासले.

"दिवं लई बारीक झाल्यात गं," आप्पा म्हणाले.

घरी आईनं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "दिव्यास्नी काय झालं न्हाय. त्यांच्या डोळ्यांचं बघ. किल्ली काढून घे."

आप्पा ताटावरून उठले. मला आईचा भयंकर राग आला. किल्ली गेली तर या माणसाला इस्त्रीचा शर्ट घालायला कारण काय उरणार? डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं तरी ते चार दिवस बोलत नाहीत. दोष गाडीचाच निघायला हवा होता.

मी गाडी पिरनवाडीच्या गॅरेजमध्ये नेली. बल्ब जुना झाला की उजेड कमी होतो, मेस्त्री म्हणाला, आणि बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. हा जुनाच बल्ब पुसून परत बसवेल, असा संशय मला घरून निघतानाच होता. म्हणून जुन्या बल्बांच्या बुडाला मी आधीच नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. त्यानं नवेच बसवले. बॅटरी तपासली, वायरीच्या टोकांचा गंज खरवडला, दिव्यांचा रोख सरळ केला. तरी उजेड पिवळट तो पिवळटच. मेस्त्रीनं काचेवर बोट फिरवून विचारलं, "ही कोण घासतंय?" मला वाटलं, हा आता नवी काच गळ्यात मारणार. मी उत्तर न देता गाडी घरी आणली.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. आमच्याकडे अमावस्येला गाडी धुऊन तिची पूजा करतात, नारळ फोडतात. मी गोठ्याआड उभी राहून पाळत ठेवली. आई राख, चिंच आणि काथ्याची घासणी घेऊन आली आणि देवाच्या समया घासाव्यात तसे गाडीचे दिवे घासू लागली. वरून तिनं तेलाचा हातही फिरवला.

"आई, हे काय चाललंय?"

"दिवं हाईत न्हवं? मग उजळायला नगोत?"

मी तिथेच हसायला लागले. गाडीच्या दिव्यावर असते ती काच नसते, प्लास्टिक असतं. त्यावर उन्हापासून वाचवणारा पातळ थर असतो. आईनं तो दर अमावस्येला घासून काढला होता आणि उघड्या प्लास्टिकला अंगणातल्या उन्हानं पिवळं केलं होतं. मी काचेवर पाणी ओतलं. ओली असेपर्यंत ती स्वच्छ दिसली, वाळताच परत धुरकट. ओरखड्यांचा याहून मोठा पुरावा मला नको होता. आई फणकाऱ्यानं आत गेली. मला तर जिंकल्यासारखं वाटत होतं.

रविवारी मी कडेनं टेप लावून काच पाण्यातल्या पॉलिश पेपरनं घासली, आधी जाड, मग बारीक. मग पॉलिश केलं आणि वर संरक्षक थर दिला. यापुढे फक्त साबणाचं पाणी, मऊ फडकं आणि गाडी सावलीत, असं आईला बजावलं.

दिवेलागणीला मी आप्पांना गाडीत बसवलं. आईलाही शेजारी बसायला लावलं, तिनं डोळ्यांनी बघावं म्हणून. मी समोर गोठ्याच्या चुना दिलेल्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. आप्पांनी दिवे लावले. पांढराशुभ्र, धारदार उजेड भिंतीवर पडला. माझ्या अंगावरच्या साडीची वीण दिसावी इतका उजेड. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं.

"आता बघ," आप्पा आईला म्हणाले, "कसं लखलखीत झालंय! माझ्या डोळ्यास्नी नावं ठेवत हुतीस."



मग त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि घराच्या दिशेनं हाक मारली, "अगं पोरी, कुठं गेलीस? ये की बघायला!"

मी त्यांच्या समोर, उजेडात उभी होते.