पोपट खाली येईना

"दार लावा! गारवा चाललाय सगळा!"

अप्पांचं दिवसातलं पहिलं वाक्य हेच, आणि शेवटचंही हेच. केळी पिकवायच्या गोदामात दाराला फार महत्त्व असतं. हिरवा माल क्रेटांत भरून थंड चेंबरमध्ये छतापर्यंत रचायचा, दार घट्ट लावायचं, पिकवायचा गॅस सोडायचा आणि माल पिवळा झाला की काढायचा. मधे कुणी उगाच दार उघडलं की अप्पांना ते ऑफिसात बसल्या बसल्या कळायचं. घरी पाहुणा आला तरी तो पुरता आत यायच्या आधी अप्पा "दार लावा" म्हणतात, असं त्यांच्या बायको, म्हणजे अम्मा, हसून सांगायच्या.

नांदेडहून अर्धापूरला जाताना रस्त्याला लागून अप्पांचं गोदाम होतं. मी तिथं संगणकावर बसायचे. अप्पा मूळचे उदगीरकडचे लिंगायत. कपाळावर विभूती, पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर. बाजारात नांदेडची मराठी बोलायचे, पण बहिणीचा फोन आला की आमच्याकडे पाठ करून कानडीत शिरायचे. आवाज असा की हमाल चहा पिताना दचकावेत. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या ओरडण्याची सवय होते आणि गप्प बसण्याची भीती वाटते.

एका सोमवारी अप्पा पिंजरा घेऊन ऑफिसात आले. आत पोपट. खिडकीशेजारी पिंजरा टांगत म्हणाले, "घरी कुणाला टाइम न्हाई ह्याला बघायला."

घरी अम्मा दिवसभर एकट्याच असत. पण आम्ही कुणी काही बोललो नाही, कारण आधल्याच आठवड्यात त्यांची एकुलती मुलगी गिरिजा घर सोडून गेली होती. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करताना वर्गातला मुलगा आवडला, तो दुसऱ्या जातीचा. लग्न करून दोघं लातूरला राहायला गेली. अप्पा लग्नाला गेले नाहीत आणि त्यानंतर त्यांनी तिचं नावही घेतलं नाही. तिनं घरातलं काही मागितलं नाही. फक्त निरोप धाडला, "पोपट तेवढा द्या." तो तिनं पिल्लू असल्यापासून वाढवलेला. अप्पांनी उलट निरोप दिला, "पोपट ह्या घरचा हाय."

त्याचं नाव गिणी. कानडीत पोपटाला तसंच म्हणतात. तो एक शब्द बोलायचा नाही, नुसता किंचाळायचा. "ह्या पाखरानं बेजार केलंय," अप्पा सगळ्यांना ऐकवायचे. आणि आम्ही जेवायला गेलो की पिंजरा उघडून त्याला खांद्यावर घ्यायचे. शेंगदाण्याचं लाल टरफल स्वतःच्या दातांनी काढून त्याला भरवायचे. आम्ही परत येताना दाराबाहेर मुद्दाम खोकायचो. अप्पांना त्याला आत घालायला वेळ मिळावा म्हणून. त्याला आत घालायची अप्पांची एकच युक्ती होती, पिंजऱ्यात पिकल्या केळ्याचा तुकडा ठेवायचा. त्यामागं तो मुकाट आत जायचा. असे चार उन्हाळे गेले.

मग त्या मे महिन्यातली दुपार. अर्धापूरहून मालाचा ट्रक नुकताच आला होता. एक चेंबर अर्धं भरलेलं, दार उघडं, हमालांची ये-जा चालू. लाइट गेल्यामुळं ऑफिसातला कूलर बंद होता आणि चेंबर जनरेटरवर चाललं होतं. अप्पा गिणीला खांद्यावर घेऊन व्हरांड्यात वाऱ्याला उभे होते. तेवढ्यात रिकाम्या क्रेटांची थप्पी धाडकन कोसळली. गिणी उडाला तो सरळ चेंबरच्या दारातून आत.

अप्पांना पळताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"पंखे बंद करा! आधी पंखे बंद करा!"

चेंबरच्या छताजवळ थंड हवा फेकणारे मोठाले पंखे असतात. मुकादमानं धावत जाऊन बटण दाबलं. पाती थांबली तेव्हा गिणी त्यांच्यापासून हातभर अंतरावर, सगळ्यात वरच्या क्रेटवर बसला होता.

अप्पांनी पिंजरा मागवला, दार उघडून खाली ठेवला, आत केळ्याचा तुकडा ठेवला. "ये. ये रे. खायला ये."

गिणीनं मान वाकडी करून खाली पाहिलं. मग पायाखालच्या घडातलं एक केळं टोकरलं. त्याच्याभोवती हजारो केळी होती. एक हमाल फिस्सकन हसला आणि अप्पांचा चेहरा बघून लगेच गप्प झाला.

बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. बाकीची चेंबरं भरून बंद झालेली, माल उतरवायला दुसरी जागा नव्हती. मुकादम हळूच म्हणाला, "अप्पा, माल तापून राहिलाय." अप्पांनी ऐकलं नाही. मालाबद्दल कुणी बोललं आणि अप्पांनी ऐकलं नाही, असं त्यापूर्वी घडलं नव्हतं.

मुकादमानं कांद्याची जाळीची गोणी काठीला बांधली आणि क्रेटांवर चढला. त्यानं जाळी टाकली. गिणी भेदरून उडाला, भिंतीवर आपटला, खाली पडता पडता सावरला आणि दुसऱ्या थप्पीच्या टोकाला जाऊन बसला. दोन हिरवी पिसं तरंगत खाली आली. अप्पांनी ती उचलली.

"मुकादम, उतर खाली. कुणीबी त्याला धरायचं न्हाई. त्याच्या मनानं आला पायजे."

"मग दार उघडंच ठेवू अप्पा. जाईल उडून."

"कुठं जाईल? जलमभर पिंजऱ्यात राहिलेलं पाखरू हाय. बाहेर ऊन बघ, घारी बघ. दोन दिवस जगणार न्हाई ते."

ट्रकवाल्यानं वनखात्याला फोन करायचं सुचवलं. ते ऐकून अप्पा आणखीच घाबरले. असा पोपट पाळायला बंदी आहे. ती माणसं येतील, त्याला उतरवतील आणि घेऊनही जातील. त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

मग अप्पांनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. आम्ही फटीतून बघत होतो. बाजारात कधी कानडी न बोललेला माणूस भर चेंबरमध्ये मान वर करून उभा होता आणि म्हणत होता, "बा गिणी, बा. मनीगे बा." ये रे, घरी ये. पण तो आवाज हमालांना दरडावण्यात गेलेला. अप्पा जितकं गोड बोलायला जात, तितका तो फाटत होता. गिणी सरकत सरकत आणखी कोपऱ्यात गेला. पिसं फुलवून, मान आत ओढून बसला. पंखे बंद असले तरी आत गारठा होताच. खालूनसुद्धा त्याचं कापणं दिसत होतं.

अप्पा एका पालथ्या क्रेटवर बसले. मग उठले. परत हाक मारली. शेंगदाणे दाखवले, उपरणं हलवलं, पिंजरा डोक्यावर धरून उभे राहिले. शेवटी पिंजरा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं.

बाहेर आले तेव्हा ते सरळ माझ्याकडे आले. उन्हात उभे राहून मालकानं काहीतरी चोरून मागावं तसं म्हणाले, "पोरी, तुझ्याकडं नंबर आसल."

"कुणाचा अप्पा?"

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं.

"गिरिजाचा."

नंबर होता माझ्याकडे. गिरिजाताई अधूनमधून मला फोन करून अम्मांची विचारपूस करायच्या. मी लावला आणि अप्पांच्या हातात दिला. पलीकडून आवाज आला, "बोल गं."

अप्पांनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

"हॅलो? अगं बोल ना. हॅलो?"

"मी हाय."

मग ताईंचा घाबरलेला आवाज. "अप्पा? अम्माला काय झालं?"

"अम्मा बरी हाय. गिणी येईना गेलाय गं. वर जाऊन बसलाय चेंबरात. माझ्या हाकेला येईना झालाय. तू बोलाव."

चार वर्षांनी बापानं फोन केला तो पोपटासाठी. ताईंनी फोन ठेवला असता तरी कुणी नावं ठेवली नसती.

"स्पीकर लावा," त्या म्हणाल्या.

अप्पा आत गेले. मी त्यांच्या मागं. फोनमधून आवाज निघाला, "गिणी... बा रे. मनीगे बा. गिणी."

कोपऱ्यातली मान वर झाली. तो किंचाळला. इतक्या मोठ्यानं की पलीकडे ताईंनाही ऐकू गेलं, आणि त्या हाका मारतच राहिल्या. गिणी चोचीनं धरत, पाय सोडत एकेक क्रेट खाली आला आणि शेवटी उडून अप्पांच्या मनगटावर बसला, फोन धरलेल्या हातावर. फोनला चोच घासू लागला.

"आलाय," अप्पा कुजबुजले. "हातावर बसलाय."

"मुठीत धरू नका अप्पा. अजिबात धरू नका."

अप्पा एकेक पाऊल टाकत पिंजऱ्याकडे निघाले. पिंजरा दिसताच गिणी उडाला. ताईंनी हाक मारली, परत आला. पुन्हा पिंजऱ्याजवळ गेले, पुन्हा उडाला. अप्पांच्या कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. त्या गारठ्यात.

"फोनच पिंजऱ्यात ठेवा," ताई म्हणाल्या. "आणि तुम्ही लांब व्हा."

अप्पांनी फोनकडे पाहिलं. तो हातातून सोडायचा म्हणजे काय, हे त्यांच्या तोंडावर मला दिसलं. मग ते वाकले, फोन पिंजऱ्याच्या तळाशी ठेवला आणि मागं सरत सरत भिंतीला टेकले.

ताई बोलत राहिल्या. हाका नाहीत आता, नुसत्या गप्पा. कानडीत. मला सगळं कळलं नाही. सकाळी काय स्वयंपाक केला, खिडकीत तुळस लावलीय, ती नीट जगेना, असलं काही. गिणी पिंजऱ्यावर बसला. भोवती फिरला. दारात थांबला. आणि मान खाली घालून, कुणी न ढकलता आत गेला आणि फोनवर जाऊन बसला.

अप्पा गुडघ्यांवर रांगत आले आणि पिंजऱ्याचं दार लावलं.

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मग लक्षात आलं, फोनही आत अडकलाय. काढायचा तर दार उघडावं लागणार. अप्पा पिंजरा घेऊन ऑफिसात गेले, टेबलावर ठेवला आणि त्याच्यासमोर बसले. पोपट फोनवर, फोन चालू.

"गिरिजा."

"अं."

"तुझा आवाज लांबून येऊन राहिलाय."

"लातूरहून येतोय अप्पा."

फोनची बॅटरी संपत आली होती. मी चार्जरची वायर गजांतून आत घातली. गिणी ती कुरतडायला लागला तसे अप्पा एका बोटानं त्याची चोच बाजूला करत राहिले आणि बोलत राहिले. आम्ही बाहेर आलो. मुकादमानं ऑफिसचं दार आवाज न करता ओढून घेतलं आणि माल उतरवायला लावला. दिवस कलेपर्यंत अप्पा बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते आमचा माल पोचवणाऱ्या रशीदभाईंच्या पिकअपमध्ये पिंजरा मांडीवर घेऊन लातूरला गेले. आम्हाला वाटलं, मिटलं सगळं. पण रशीदभाई परत आले ते मान हलवत.

"बिल्डिंग के नीचे गाडी लगाई. अप्पा उतरेच नहीं. ताई नीचे आईं, बोलीं, वर चला. अप्पांनी खिडकीतून पिंजरा दिला आणि म्हणाले, थांबता येत न्हाई, माल तापून राहिलाय." रशीदभाईंनी कपाळावर हात मारला. "गाडी तो पूरी खाली थी!"

त्यानंतर रोज दुपारी अप्पा माझ्या फोनवरून लातूरला बोलत. स्वतःच्या फोनवरून का नाही, ते मी कधी विचारलं नाही. बोलणं सगळं गिणीचं. "गिणीनं खाल्लं का? गिणीचा सर्दी-खोकला गेला का? आन गिणीच्या घरातले काय म्हणतेत, बरे हायत ना?" ताई तशीच उत्तरं द्यायच्या. जावई घरी असले की अप्पा म्हणायचे, "ठेव मग, त्यांना जेवायला वाढ." दर वेळी शेवटी, पुढच्या आठवड्यात येतो. आणि दर आठवड्याला मालाची गाडी आडवी यायची, किंवा अप्पा ती आडवी घालायचे.

दिवाळी तोंडावर आली असताना एका सकाळी पूजेला बसल्या जागी त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. अप्पांना भिंतीशी बसवलं होतं. ताजी विभूती, गळ्यात फुलं, डोक्याला पटका. दुपारी ताई आल्या. रडारड केली नाही. त्यांच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि हळू आवाजात कानडीत बोलू लागल्या. मध्येच थांबायच्या, जणू ते काही म्हणाले ते ऐकतायत, आणि पुन्हा बोलायच्या. उचलायची वेळ होत आली होती, पण कुणी त्यांना उठवलं नाही.

त्यांचा नवरा मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उभा होता. आत यावं की नाही हे न कळून. अम्मांनी डोळे पुसून मान वर केली.

"जावई, तिथं काऊन उभे राहिलाव? या. आत येऊन बसा."

लोकांनी वाट दिली. तो आला आणि अप्पांच्या डाव्या अंगाला बसला. अप्पा त्या बाजूला थोडे कलले होते. त्यानं हात घालून त्यांचा खांदा नीट केला आणि न्यायची वेळ होईपर्यंत तो तसाच धरून बसला.