आधी काम सांग

नारायणगावपासून पार घोडेगावपर्यंत त्या काळात कुणाच्या घरी कॉम्प्युटर आला आणि तो माझ्या धाकट्या मावशीच्या यजमानांना न विचारता आला, तर घरात नुसता खोका आला असं खुशाल समजावं. काका तसे टोमॅटोचे व्यापारी. पण एकदा पुण्यातल्या कुठल्याशा दुकानात त्यांनी खोलून ठेवलेला कॉम्प्युटर पाहिला आणि माणूस हातचा गेला. मग बाजार आटोपला, की कुणाला तरी बरोबर घ्यायचं, एसटी धरायची आणि पुणे गाठायचं, हा त्यांचा नेमच होऊन बसला. मीही हौसेनं मागे मागे असायचो.

टोमॅटोचा क्रेट घेताना काका वर कधी बघत नसत, हात थेट तळाला घालत. 'वरला थर लावायची अक्कल कुनालाबी आसती,' म्हणायचे. कॉम्प्युटरलाही तोच न्याय. दुकानदार बिचारा पडद्यावर रंगीत मासे पोहून दाखवायचा, तर हे म्हणायचे, 'मासं ऱ्हाऊ द्या राव, बाजूचा पत्रा काढा.' पत्रा निघाला की आत डोकं. पंख्याला कान लावणार, प्रोसेसर कुठला ते वाचणार आणि मग खणखणीत आवाजात विचारणार, 'ग्राफिक्सचं कार्ड कुठाय? बोर्डावरच हाय व्हय? म्हंजी घरजावई! मेमरी सासऱ्याची खानार आन् वर ऐट मारनार.' लॅपटॉपवर तर त्यांचा भारी राग, कारण त्याचा तळ बघायला मिळत नाही. तो मांडीवर घेऊन चालू करून बसायचे आणि मांडी पोळायला लागली की मुकाट्यानं परत द्यायचे.

बरं, घरजावई सरसकट वाईट असंही नाही हं. 'आधी काम सांग' हा त्यांचा पहिला प्रश्न. आळेफाट्याच्या एका गॅरेजवाल्याला बिलं छापायला कॉम्प्युटर हवा होता, आणि कुणीतरी त्याच्या डोक्यात भारीतलं ग्राफिक्स कार्ड भरवून दिलेलं. काका म्हणाले, 'भाऊ, तुजी बिलं काय उड्या मारनारेत का? घरजावई बास हाय तुला. त्यापरीस मेमरी वाढव.' लग्नांच्या शूटिंगवाल्याला मात्र वेगळं कार्ड घ्यायला लावल्याशिवाय त्यांनी दुकान सोडलं नाही. दोघांचीही यंत्रं वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालली.

आता गंमत बघा, साऱ्या पंचक्रोशीला कॉम्प्युटर निवडून देणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या घरात कॉम्प्युटर नव्हता. मावशी म्हणायची, 'अवो, गावाला वाटीत फिरता, आपल्या घरात कधी यायचा?' काका म्हणायचे, 'काम सांग, उद्या आनतो.' आता भाकरी थापायला काही कॉम्प्युटर लागत नाही, त्यामुळे मावशी पुन्हा चुलीकडे वळायची. पण शोभाचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर दुबईला गेली. फोनवर आवाज यायचा, पण मावशीचं समाधान होईना. कॉम्प्युटरवर माणूस समोर दिसतं, असं तिनं कुठंतरी ऐकलं आणि लागलीच काकांना गाठलं. 'हे घ्या काम. मला पोरगी बघायचीय.'

काका खूश! आणि इथंच घोटाळा झाला. दुसऱ्याला चुटकीसरशी निवडून देणारा हा माणूस स्वतःच्या वेळी व्यापारी झाला. आवक वाढली की भाव पडतो, हे रक्तात भिनलेलं. 'पुण्यात नव्या प्रोसेसरची आवक व्हायचीय, जुना उतरंल,' म्हणत दिवाळी गेली. तो उतरला, तर त्याहून नवा येणार होता! गुढीपाडवाही गेला. टोमॅटो सडतो म्हणून भाव पाडून विकावा लागतो, प्रोसेसर काही सडत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं, पण व्यर्थ. मावशी करवादायची, 'पोरगी म्हातारी झाल्यावं दावनार का?' आणि मग एक दिवस तिनं विचारणंच सोडलं. जेवायला वाढायची, गप्प बसायची. त्या गप्प बसण्यानं मात्र काका हादरले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं गेले आणि संध्याकाळी जीपमधून खोकी घेऊन उतरले. प्रोसेसर चांगला, मेमरी भरपूर आणि ग्राफिक्सचं कार्ड वेगळं, तेही झ्याक. मी चिडवलं, 'काका, नुसतं बघायला-बोलायला घरजावई चालला असता की!' तर माझ्यावरच डाफरले, 'तू गप रं. लेक दिसनारे.' इतका प्रेमळ हिशेब मी आजवर दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

इंटरनेटची लाइन जोडून झाली. लोडशेडिंग नसलेली दुपार गाठून शोभाला बोलावलं. पडद्यावर ती आली, 'आई' म्हणाली, हसली आणि चित्र तिथंच थिजलं. आवाजही बंद. काका लालबुंद झाले. 'प्रोसेसर निवांत बसलाय, ग्राफिक्स निवांत बसलंय, ही लाइनच मेली! एवढं आनून उपेग काय?' त्यांचा चेहरा बघवेना. पुन्हा जोडून बघावं म्हणून मी माउसकडे हात नेला, तोवर मावशीनं खुर्ची पुढे ओढली होती आणि पडद्यावरच्या त्या हसऱ्या तोंडाकडे ती टक लावून बघत होती.

'ऱ्हाऊ दे रं,' ती म्हणाली. 'एका जागी कवा बसत व्हती ती? मला निवांत बघू दे.'

काकांनी माझा हात हळूच बाजूला केला.

'हात नको लावू,' ते म्हणाले. 'काम चाललंय त्याचं.'